दुकान तुमचं, पण चावी कोणाकडे? मुक्त सॉफ्टवेअर आणि छोटा धंदा



मागच्या व्हिडिओत बिलिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं ते बघितलं. शेवटच्या दोन मिनिटांत मी 'ओपन सोर्स' हा शब्द वापरला आणि पुढे निघून गेलो. तो विषय दोन मिनिटांचा नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं लांबणार आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. खांदा कॉलनीत आमचं झेरॉक्स, प्रिंटिंग आणि स्टेशनरीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं, बीबीए झाल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागलो. त्या काळात मराठी टायपिंगसाठी एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. सोबत पेन ड्राइव्हसारखा एक लॉक यायचा, त्याला आम्ही डोंगल म्हणायचो. डोंगल लावला तर मराठी दिसणार, नाही लावला तर नाही. सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, सगळं त्यात टाइप व्हायचं.

२००९ साली एक निवृत्त गुरुजी त्यांच्या आठवणी लिहून घेऊन आले. हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. आमच्या ऑपरेटरने साधारण १४० पानं टाइप केली, गुरुजींनी प्रूफ तपासलं, एक प्रत प्रिंट करून नेली. पुस्तक मात्र छापलं नाही, ते राहूनच गेलं. २०२१ मध्ये गुरुजी वारले. पुढच्या वर्षी त्यांची मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आली. "दादा, बाबांची फाईल उघडून द्या ना. वर्षश्राद्धाला पुस्तक करून सगळ्यांना द्यायचंय." हातात तीन आठवडे होते. वह्या घर बदलताना गेल्या होत्या आणि प्रिंट सापडत नव्हती.

फाईल उघडली, तर पडद्यावर नुसतीच इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. डोंगल कधीच मेला होता. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की ते व्हर्जन आता बंद झालंय, नवीन घ्या, पण जुनी फाईल त्यात उघडेलच याची खात्री नाही. ताई समोर उभ्या. मला काय बोलावं कळेना. टाइप आम्ही केलेलं, पैसे त्यांनी दिलेले, आठवणी गुरुजींच्या, आणि उघडायची चावी तिसऱ्याच माणसाकडे!

असं का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्या धंद्यातही हेच होऊ शकतं. जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर खरं तर इंग्रजी अक्षरच साठवायचा. फॉन्ट फक्त त्या अक्षराच्या जागी 'क' किंवा 'ख' चं चित्र दाखवायचा. कोणत्या इंग्रजी अक्षरावर कोणतं मराठी चित्र हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. त्यामुळे एका कंपनीची फाईल दुसरीकडे म्हणजे नुसता भुसा. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर तोच. युनिकोडचं पहिलं व्हर्जन १९९१ चं, पण डीटीपीच्या दुकानांत मात्र जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालत राहिले. सवय हो, दुसरं काय.

आमची सुटका केली ती एका कॉलेजच्या मुलाने. हा मुलगा प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला यायचा आणि प्रत्येक वेळी माझ्या कॉम्प्युटरकडे बघून नाक मुरडायचा. "दादा, हे सगळं क्रॅक आहे ना?" असं भर गिऱ्हाइकांत विचारायचा. त्याने नेटवरून एक मोफत कन्व्हर्टर शोधला. कोणीतरी फावल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलेला. त्यातली कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर ही यादी उघडी होती. आमच्या फॉन्टला ती जिथे जुळत नव्हती तिथे त्याने ती स्वतः बदलली. मजकूर आला! पण पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही तसंच उलटसुलट. 'किर्ती' आहे की 'कीर्ती' ते शेवटी माणसालाच बघावं लागलं. आम्ही तिघांनी मिळून दुकान बंद झाल्यावर बसून ते निस्तरलं. गुरुजींनी घातलेले काही संस्कृत श्लोक मात्र नीट जुळलेच नाहीत. ताईंनी ते आठवून सांगितले, त्यातले दोन वगळले. वर्षश्राद्धाला पन्नास प्रती गेल्या.

त्या दिवसापासून त्या मुलाचं ऐकायला लागलो. सगळं पटलं असं नाही, ते पुढे सांगतो.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

या चळवळीची सुरुवात, गंमत बघा, एका झेरॉक्स कंपनीच्या प्रिंटरपासून झाली. आमच्याच धंद्यातली गोष्ट! अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर तिथे काम करायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्याने सुधारणा केली होती, कागद अडकला की लोकांना संदेश जायचा. नव्या प्रिंटरला तसं करायचं तर त्याचा मूळ कोड हवा आणि तो द्यायला ज्याच्याकडे होता त्याने नकार दिला, कारण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. कागद अडकण्याचा त्रास आम्हाला विचारा. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स आलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने घोळ होतो. मोफतही फ्री आणि स्वतंत्रही फ्री. आपल्याकडे तो प्रश्न नाही, मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. स्टॉलमन भारतात 'स्वतंत्र' हा शब्दही वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार गोष्टींची मोकळीक. हव्या त्या कामाला वापरा, आतून कसं चालतं ते बघा, प्रती वाटा, आणि बदल करून बदललेली प्रतही वाटा.

माझ्या मशीनच्या भाषेत सांगतो. एक झेरॉक्स मशीन असं आहे की त्याचं झाकण कोणताही मेकॅनिक उघडू शकतो, सुटा भाग कुठूनही आणता येतो. दुसऱ्या मशीनला सील आहे. फक्त कंपनीचा माणूस येणार, तो सांगेल तो दर, आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं की मशीन भंगारात. पहिलं मशीन फुकट मिळालं असेलच असं नाही. मेकॅनिकला तुम्ही पैसे देताच. फरक इतकाच, की मेकॅनिक तुम्ही निवडता. फुकटचं म्हणाल, तर आपण रोज वापरतो ती कितीतरी अॅप फुकट आहेत, पण त्यांचं झाकण सीलबंदच आहे.

मुंबईची फर्निचरवाली गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, फुकट वाटून धंदा कसा होतो? याचं उत्तर अमेरिकेत शोधायला नको, हार्बर लाइन पकडून मुंबईत जाऊ.

रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. स्टॉक, ऑर्डर, हिशेब एकत्र बघता यावा म्हणून त्यांनी तयार ईआरपी सॉफ्टवेअर बसवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग स्वतःच लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट तयार झालं. कंपनीचं नाव फ्रॅपे, मुंबईचीच. त्यांनी तो कोड जीपीएल लायसन्सखाली खुला केला. म्हणजे तुम्ही आज तो उतरवून स्वतःच्या मशीनवर चालवलात, तर फ्रॅपेला एक रुपयाही द्यावा लागत नाही. झिरोधासारखी मोठी ब्रोकर कंपनी ते वापरते, आणि त्यांनी फ्रॅपेमध्ये पैसेही गुंतवले.

मग कमाई कुठून? सर्व्हर चालवून देणं, अडचण आली की मदत, अशा सेवेतून. तुमच्यापैकी कोणी टिफिन सर्व्हिस सुरू करत असेल तर ही गोष्ट पटकन कळेल. पुरणपोळीची कृती सगळ्यांना माहीत आहे, तरी होळीला ऑर्डर घेता घेता तुम्ही थकता ना? लोक पैसे देतात ते कृतीला नाही, वेळेवर, तशीच आणि हमखास मिळण्याला.

पण थांबा. उद्याच ईआरपीनेक्स्ट बसवायला धावू नका. माझ्यासारख्या दुकानाला ते फार मोठं आहे. उत्पादन, गोदाम, दहा-पंधरा माणसं असा पसारा असेल तर विचार करा, आणि बसवून देणारा माणूस आधी शोधा. तुमचे सीए टॅलीवर काम करत असतील आणि तुमचं सगळं सुरळीत असेल, तर टॅली विकत घेऊन वापरण्यातही काही चूक नाही. डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो. माझा त्या मुलाशी वाद इथेच होतो. त्याच्या मते बंद सॉफ्टवेअर वापरणं हेच चूक. माझं म्हणणं, दुकान चालवायचं आहे, बाहेर पडायचं दार उघडं असलं की मला पुरतं.

हे दार का महत्त्वाचं? जीएसटी कायद्यानुसार तुमची हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. सहा वर्षं! आणि तुम्ही ज्या अॅपवर बिलं करताय, ते सहा वर्षं टिकेल याची खात्री आहे? वर्गणी भरली नाही तर जुनी बिलं दिसतील का? मी एक अॅप दोन वर्षं वापरलं. वर्गणी वाढली म्हणून सोडायला गेलो, तर कळलं की डेटा फक्त एकेका बिलाची पीडीएफ म्हणून मिळतो. हजारो बिलं एकेक करून उतरवायची! शेवटी आणखी एका वर्षाची वर्गणी भरली, मुकाट्याने.

क्रॅकचं काय?

हा भाग अवघड आहे, पण बोलायलाच हवा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दुकानात पायरेटेड सॉफ्टवेअर असतं. माझ्याकडेही होतं, लपवण्यात अर्थ नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब सांगतं की सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापरत नसाल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण आपण धंद्यासाठीच वापरतो, नाही का? त्यात क्रॅकसोबत काय काय आत येतं ते देवालाच माहीत. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागणाऱ्या कॉम्प्युटरवर तर हा धोका दुप्पट.

आमच्याकडे तीन कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नव्हतं. दोन मशीनवर लिनक्स मिंट टाकलं. भंगारात जाणारी मशीन चालू राहिली आणि पेन ड्राइव्हमधून येणारे विंडोजचे व्हायरस तिथे चालत नाहीत, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. तिसऱ्यावर लायसन्सवालं विंडोज ठेवलंय, कारण डिजिटल सहीचा टोकन आणि एका लेबल प्रिंटरने लिनक्सवर फार छळलं.

लिब्रेऑफिस २०१० पासून आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. कोटेशन, रेझ्युमे, हिशेबाचे तक्ते यांना भरपूर झालं. मात्र एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून दिले असतील तर ते बिघडू शकतात, आधी तपासा. फोटो आणि बॅनरसाठी गिंप आणि इंकस्केप. हे व्हिडिओ मी ओबीएस स्टुडिओवर रेकॉर्ड करतो आणि केडेनलाइव्हवर कापतो, दोन्ही मुक्त. ऑफसेट छपाईचं काम आलं की इंकस्केप लंगडं पडतं, कारण प्रेसला सीएमवायके रंग हवे असतात. लग्नपत्रिकेचं काम जास्त असेल तर कोरलचं रीतसर लायसन्स घ्या, ते पैसे सीझनमध्ये निघतात.

आणि फॉन्ट! मराठीत धंदा करणाऱ्यांनी हे वाचाच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट केलेत. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. तिन्ही खुल्या लायसन्सवर, तिन्ही युनिकोड. बोर्ड, पॅकिंग, मेनू कार्ड, सगळीकडे धंद्यासाठी बिनधास्त वापरा. मुक्ता बारीक मजकुरालाही छान वाचता येतो, बलू गुबगुबीत आहे, मिठाई-खेळण्यांच्या दुकानाला शोभतो. शोभिकात संस्कृतची जोडाक्षरं उत्तम येतात. आमच्या गुरुजींचं पुस्तक शेवटी त्यातच लावलं.

ऑनलाइन जागा कोणाची?

सॉफ्टवेअरचं झालं, आता इंटरनेट. तो मुलगा यावर तासभर बोलू शकतो. मी फक्त धंद्यापुरतं सांगतो.

२०१५ मध्ये फेसबुकने फ्री बेसिक्सची टूम काढली होती. ठरावीक वेबसाइट डेटा न लागता उघडणार, बाकीच्यांना डेटा लागणार. गरिबांना मोफत इंटरनेट, ऐकायला छान. पण विचार करा, ग्राहकाला मोठ्या कंपनीचं पान फुकट आणि तुमच्या मसाल्यांची वेबसाइट पैसे देऊन उघडायची असेल, तर तो कुठे जाईल? देशभरातून लाखो ईमेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाच्या दरात असा भेदभाव करायला मनाई केली आणि फेसबुकने ती योजना भारतातून गुंडाळली. आज तुमचं छोटं दुकान नेटवर मोठ्यांच्याच दराने उघडतं, ते या निर्णयामुळे.

दुसरी गोष्ट पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. राजकारणावर मी इथे बोलत नाही, माझी नजर त्या दवाखान्यावर आहे. लिहिलं पुतणीने आणि फुटला व्यवसाय. पुढे याच अटकेनंतर श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं. बोलण्याचं स्वातंत्र्य नेटवरही आहे हे स्पष्ट झालं. पण इतर कलमं आहेतच आणि दगड मारणारा कलम वाचत बसत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. दुकानाच्या नंबरावरून राजकीय फॉरवर्ड नाही. जे बोलायचं ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर.

तिसरी, टिकटॉक. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. निर्णय बरोबर की चूक ते बाजूला ठेवू. ज्यांचे सगळे ग्राहक त्या एकाच अॅपवर होते, त्यांचं दुकान एका रात्रीत गेलं. इन्स्टाग्रामचं अकाउंट बंद पडलं तर तुमचं काय उरतं, हे आजच लिहून काढा. मीही यूट्यूबवर आहे, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतो, माझं काही सगळंच मुक्त नाही. पण ग्राहकांची यादी, नाव आणि नंबर, त्यांना विचारून, माझ्याकडे वेगळ्या तक्त्यात आहे, आणि हे लेख माझ्या स्वतःच्या डोमेनवर आहेत. डोमेनला वर्षाला थोडे पैसे जातात, ते भाड्यासारखे धरतो.

एक गोष्ट झेरॉक्सवाल्यांसाठी खास, कारण आपण यात दुसऱ्याच्या स्वातंत्र्याशी खेळतो. लोक आधार, पॅन, मार्कशीट आपल्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात. प्रिंट निघते, फाईल तशीच पडून राहते. वर्षभरात तुमच्या फोनमध्ये अर्ध्या कॉलनीचे आधार कार्ड जमा होतात! २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदाही झाला. आमच्याकडे आता प्रिंट झाली की गिऱ्हाइकासमोरच फाईल उडवतो. जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, तिथे मास्क्ड आधार आणायला सांगतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. सुरुवातीला लोक म्हणायचे, कशाला एवढं? आता काही जण मुद्दाम आमच्याकडे येतात.

आता गृहपाठ. रविवारी दुपारी दुकान शांत असेल तेव्हा एक तास काढा. तुमच्या बिलिंग अॅपमधून गेल्या वर्षाची सगळी विक्री एका एक्सेल किंवा सीएसव्ही फाईलमध्ये बाहेर काढून बघा. निघाली, तर ती लिब्रेऑफिसमध्ये उघडा, एकूण बेरीज अॅपमधल्या बेरजेशी जुळते का तपासा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरी ठेवा. नाही निघाली, तर कंपनीला आजच लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या वर्षाची वर्गणी भरू नका. आणि कपाटात जुना डोंगल, जुनी सीडी पडली असेल, तर तो आहे तोवरच त्यातल्या फाईल युनिकोडमध्ये करून घ्या. पुढच्या व्हिडिओत जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून दाखवणार आहे, आमच्याच काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर.